कॉमिक कॉनला जाताय? आधी एवढं वाचा!

सुरुवातीलाच कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सांभाळून घ्याव्यात. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण माझं कॉमिक्सचं वेड मराठीतूनच सुरू झालं. भाट्याच्या आमच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात बाबांनी जपलेले इंद्रजाल कॉमिक्सचे अंक आहेत. टाइम्स ऑफ इंडियाने 1964 साली सुरू केलेली ही मालिका 1990 मध्ये बंद पडली. इंग्रजीतला फँटम त्यात चक्क मराठी बोलायचा आणि त्याचं नाव होतं वेताळ! शाळेतल्या मैत्रिणी टिंकल वाचायच्या आणि मी सुट्टीत सुरूच्या बनात बसून बाबांचा वेताळ.

तर सेकंड इयरला असताना मी मुंबईच्या कॉमिक कॉनला जाऊन आले. परत आल्यापासून मेसमध्ये सगळ्यांचे तेच तेच प्रश्न. म्हणून एकदाच सविस्तर उत्तर!

हे नक्की असतं काय?

थोडक्यात, कॉमिक्सवाल्यांची जत्रा. सुरुवात अमेरिकेतल्या सॅन दिएगोमध्ये 1970 साली झाली. तेव्हा एका हॉटेलात जेमतेम तीनशे माणसं जमली होती, आता तिथे लाखाच्या वर गर्दी होते. आपल्याकडे पहिलं कॉमिक कॉन फेब्रुवारी 2011 मध्ये दिल्ली हाटला भरलं. मुंबईत ते ऑक्टोबर 2012 मध्ये कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरला आलं आणि पुढे काही वर्षं गोरेगावच्या एक्झिबिशन सेंटरला भरलं. जागा आणि महिना बदलत असतो, त्यामुळे तिकीट काढताना ठिकाण नीट वाचा. मित्र गेल्या वेळी गेला होता तिथेच असेल असं समजू नका.

जायच्या आधी

1) रात्रीची कोकणकन्या पकडली की पहाटे दादर. पण रिझर्व्हेशन आधी करा. शनिवार-रविवारच्या गाड्या फुल्ल असतात.

2) तिकीट दिवसाचं असतं, ऑनलाइन काढून ठेवा. रांग तरीही लागतेच. पोटात काहीतरी टाकून जा आणि बूट जुने, सवयीचे घाला. दिवसभर उभं राहायचं असतं, व्हायव्हापेक्षा जास्त वेळ!

3) घरी नीट सांगून जा. आई म्हणाली, "कार्टूनं बघायला मुंबईला? आणि सबमिशन कोण करणार तुझं?" सबमिशन आधी पूर्ण केलं, डोंबिवलीला आत्याकडे राहायचं ठरवलं, तेव्हा परवानगी मिळाली. बाबा काही बोलले नाहीत, निघताना फक्त हातात पाचशेची नोट ठेवली.

आत गेल्यावर

पहिली गोष्ट म्हणजे आवाज. एका बाजूला स्टेजवर कार्यक्रम, दुसऱ्या बाजूला गेमिंग, मध्ये स्टॉलच स्टॉल. टी-शर्ट, मग, किचेन, पोस्टर, छोट्या मूर्ती... इथेच माझी फसगत झाली. मी 1500 रुपये घेऊन गेले होते, त्यातले 1100 पहिल्या तासात उडाले. म्हणून नियम असा : आधी सगळा हॉल एकदा फिरायचा, पाकीट खिशातून काढायचं नाही. खरेदी दुसऱ्या फेरीत.

दुसरी गोष्ट कॉस्प्ले. म्हणजे आवडत्या पात्राचा वेष करून येणं. आपल्या मेकॅनिकलवाल्यांनी बघण्यासारखं काम असतं. लोखंडी वाटणारं चिलखत असतं फोमचं. ईव्हीए फोमची शीट कापायची, हीट गनने गरम करून वाकवायची, थंड झाली की तो आकार टिकतो. मग जोड चिकटवून, वर सीलर मारून रंग. वजन अगदी कमी. फक्त एक लक्षात ठेवा, वेष केला म्हणून कोणी पुतळा होत नाही. फोटो काढायच्या आधी विचारायचं, हात लावायच्या आधी तर नक्कीच. आणि तुम्ही स्वतः वेष करणार असाल तर खरी तलवार-बिलवार नेऊ नका, गेटवरच अडवतील.

खरी गंमत कुठे?

ती कोपऱ्यातल्या आर्टिस्ट अ‍ॅलीत. एकेका टेबलामागे स्वतः चित्रकार बसलेले असतात, समोर त्यांनी काढलेली, बरेचदा स्वखर्चाने छापलेली पुस्तकं. मोठ्या स्टॉलपुढे झुंबड आणि इथे निवांत. मला हवं असलेलं पुस्तक इथेच मिळालं आणि ते घेतल्यावर जेमतेम घरी जायचं भाडं उरलं!

आपण वाचतो खूप, पण चित्र काढणाऱ्याचं नाव विसरतो. सुप्पांडीला चेहरा दिला राम वाईरकरांनी. अमर चित्र कथेचे कितीतरी अंक आणि पुढे राज कॉमिक्सचा नागराज काढणारे प्रताप मुळीक पुण्याचे. दिल्लीच्या त्या पहिल्याच कॉमिक कॉनमध्ये अमर चित्र कथा आणि टिंकलचे जनक अनंत पै यांना जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच, 24 फेब्रुवारी 2011 रोजी, ते गेले. तेव्हा टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला "तुमचं काम आवडलं" एवढं तरी सांगून या.

माझ्या सॅकमध्ये माझी चित्रांची वही होती. पहिल्या दिवशी ती बाहेर काढायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका चित्रकारांपुढे ठेवली. त्यांनी सगळी पानं पाहिली, एकही न गाळता. मग म्हणाले, "चौकटीत शब्द फार कोंबतेस. जे चित्रात दिसतंय ते पुन्हा लिहू नकोस." मी मान हलवली. वही परत देताना त्यांनी विचारलं, "घरी कुठल्या भाषेत बोलता?" मराठीत, म्हटलं. "मग ही माणसं इंग्रजीत का बोलतायत?"

याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. माझी गोष्ट भाट्याच्या पुलावर घडते, त्यातले मासे विकणारे आजोबा इंग्रजीत बोलत होते! परतीच्या गाडीत रबर घेऊन बसले आणि सगळे फुगे कोरे केले. आता मराठीत भरतेय. अडलं की बाबांना फोन लावते. वेताळ वाचून त्यांचं मराठी पक्कं आहे.

तेव्हा मंडळी, जायचं असेल तर जरूर जा. पैसे दोन खिशांत विभागून ठेवा आणि कोणी चित्र काढत असेल तर वही न्यायला विसरू नका. पहिल्याच दिवशी दाखवा. माझ्यासारखा एक दिवस फुकट घालवू नका.