स्वयंचलित मोटारीला क्लच बसवताना

स्वयंचलित यंत्र उतरवून त्या जागी हाताने चालवायचे यंत्र बसवण्यासाठी कोणी पदरचे पैसे मोजील, असे सांगितले तर तुम्हाला नवल वाटेल. परंतु अमेरिकेत अशी हौस असणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांच्या आवडीच्या मोटारींपैकी एक म्हणजे शेव्हरोलेची कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार. हिचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९५३ साली ती प्रथम निघाली तेव्हा तयार झालेल्या तीनशेच्या तीनशे गाड्यांना दोन गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स होता. पुढे हाताने बदलायचे गिअर आले आणि शौकिनांनी ते डोक्यावर घेतले. १९८२ च्या मॉडेलला मात्र पुन्हा केवळ स्वयंचलित गिअरबॉक्सच मिळाला. त्यामुळे ज्याच्याजवळ १९८२ ची कॉर्व्हेट आहे आणि ज्याला डाव्या पायाखाली क्लच हवा आहे, त्याला तो स्वतःच बसवून घ्यावा लागतो.

वरवर पाहता काम सोपे वाटते. एक पेटी उतरवायची, दुसरी चढवायची! पण उतरवलेल्या पेटीबरोबर आपण नेमके काय काय गमावले, याचा हिशेब आधी केला नाही तर गाडी सुरू होईल, पण नीट चालणार नाही. हा हिशेब सगळा तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातला आहे. तो आपण मांडून पाहू.

पेट्रोलचे इंजिन शून्य वेगापासून गाडी ओढू शकत नाही. मिनिटाला पाचसहाशेपेक्षा कमी फेरे झाले की ते बंद पडते. गाडी तर उभी असते. तेव्हा फिरणारे इंजिन आणि न फिरणारी चाके यांच्यामध्ये काहीतरी घसरणारे हवेच. स्वयंचलित गाडीत हे काम तेल करते. दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवून त्यांतला एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही हळूहळू फिरू लागतो. हवेऐवजी तेल घ्या आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात घाला, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरची निम्मी कल्पना तुम्हाला आली. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ साली या युक्तीचे पेटंट घेतले. ते जहाजांसाठी होते.

उरलेली निम्मी कल्पना अधिक महत्त्वाची आहे. या दोन पंख्यांच्या मध्ये तिसरे एक लहान पात्यांचे चाक असते. दुसऱ्या पंख्यावरून परतणारे तेल उलट्या दिशेने येते. हे मधले चाक ते वळवून पहिल्या पंख्याला मदत होईल अशा दिशेने सोडते. तेल वळवताना या चाकावर उलटा जोर येतो, पण ते गाडीच्या सांगाड्याला धरून असते आणि उलटे फिरू शकत नाही. सायकलच्या फ्रीव्हीलसारखीच ही एका बाजूने फिरणारी रचना आहे.

आता न्यूटनचा तिसरा नियम आठवा. फिरवण्याचा जोर, ज्याला आपण आघूर्ण म्हणतो आणि गॅरेजमध्ये टॉर्क म्हणतात, तो शून्यातून वाढत नाही. बाहेर पडणारे आघूर्ण हे आत येणारे आघूर्ण अधिक त्या तिसऱ्या चाकाने सांगाड्यावर रेटा देऊन मिळवलेले आघूर्ण, एवढे असते. गाडी उभी असताना ही वाढ साधारण दुपटीपर्यंत जाते. क्लचमध्ये असे तिसरे काही नसते. दोनच तबकड्या एकमेकींवर घासतात. त्यामुळे क्लच कितीही महागाचा घ्या, एका बाजूने जेवढे आघूर्ण आत आले तेवढेच दुसऱ्या बाजूने बाहेर पडणार. टॉर्क कन्व्हर्टर काढला की गाडी हलवण्याच्या क्षणी हाताशी असलेला हा जादा जोर गेला. तो कोठून भरून काढायचा?

एकच जागा आहे, ती म्हणजे पहिला गिअर. १९८२ च्या कॉर्व्हेटमधील स्वयंचलित गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.०६ होते. मागच्या आसाचे गुणोत्तर २.७२ धरले, तर इंजिनाचे ८.३ फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. त्यावर कन्व्हर्टरची दुप्पट, म्हणजे सुरुवातीला चाकांवर इंजिनाच्या सुमारे साडेसोळा पट आघूर्ण. आता एखाद्याने हौसेने १९६० च्या दशकातला नावाजलेला चार गिअरचा मन्सी एम-२१ हा गिअरबॉक्स आणून बसवला, असे समजा. त्याचा पहिला गिअर २.२० चा. चाकांवर फक्त सहा पट आघूर्ण! सिग्नलवरून निघताना ही गाडी रडणार आणि क्लच जळका वास सोडणार.

वास का येतो, हे पाहण्यासारखे आहे. गाडी निघताना इंजिन मिनिटाला १२०० फेऱ्यांवर स्थिर ठेवले आहे आणि क्लच हळूहळू सोडला जात आहे, असे समजा. दोन्ही तबकड्यांवर आघूर्ण सारखेच आहे. शक्ती म्हणजे आघूर्ण गुणिले कोनीय वेग. इंजिनाकडची तबकडी सतत १२०० नेच फिरते, गाडीकडची शून्यापासून एकसारखी वाढत १२०० पर्यंत जाते, म्हणजे तिचा सरासरी वेग ६००. तेव्हा इंजिनाने दिलेल्या ऊर्जेपैकी बरोबर निम्मी गाडीला मिळते आणि निम्मी क्लचमध्ये उष्णता होते. चालक निष्णात असो की शिकाऊ, हा निम्मा वाटा त्याला चुकवता येत नाही. हवेचा आणि रस्त्याचा रोध सोडून दिला, तर क्लचमधली उष्णता गाडीने मिळवलेल्या गतिज ऊर्जेइतकीच भरते.

आकडे घालू. गाडीचे वस्तुमान १५०० किलोग्रॅम, चाकाचा परीघ २.१६ मीटर. एम-२१ च्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे १२०० फेरे म्हणजे गाडीचा वेग सेकंदाला ७.२ मीटर. गतिज ऊर्जा सुमारे ३९ हजार ज्यूल आणि क्लचमध्ये उष्णताही तेवढीच. त्याऐवजी ट्रेमेक कंपनीचा पाच गिअरचा आजचा गिअरबॉक्स घेतला, ज्याचा पहिला गिअर २.८७ आहे, तर १२०० फेऱ्यांना वेग ५.५ मीटर आणि उष्णता सुमारे २३ हजार ज्यूल होते. गुणोत्तरातला फरक तीस टक्क्यांचा, पण वेगाचा वर्ग होत असल्याने उष्णतेत सत्तर टक्क्यांचा फरक पडला. याच कारणाने दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलणाऱ्या चालकाला मिस्त्री बोल लावतात.

स्वयंचलित गाडीतही घसरण आहेच आणि उष्णताही आहे. पण ती तेलात मुरते आणि तेल नळ्यांतून रेडिएटरकडे जाऊन निवते. या नळ्या आता निरुपयोगी होतात. क्लचची उष्णता घ्यायला फक्त लोखंड आणि भोवतालची हवा आहे. येथे प्रचक्राचा, म्हणजे फ्लायव्हीलचा, दुहेरी उपयोग होतो.

स्वयंचलित गाडीच्या इंजिनाला जाड प्रचक्र नसतेच! तेथे पोलादाची एक पातळ लवचीक तबकडी असते, कारण तेलाने भरलेला कन्व्हर्टर स्वतःच मोठे जडत्व असलेले चाक आहे. तो उतरवला की इंजिनाचे जडत्वही उतरले. आठ सिलिंडरच्या या इंजिनात दर पाव फेऱ्याला एक स्फोट होतो. दोन स्फोटांमधील अंतर निभावून न्यायला काही जड फिरते हवे, नाहीतर मंद गतीत इंजिन थरथरून बंद पडेल. म्हणून बारा-चौदा किलोग्रॅमचे प्रचक्र बसवावे लागते. तेच क्लचची एक घासणारी बाजूही होते. वरचे २३ हजार ज्यूल सगळे चौदा किलो लोखंडात गेले असे धरले, तर तापमान जेमतेम साडेतीन अंशांनी वाढते. चढावरच्या वाहतूक कोंडीत वीस वेळा थांबून निघालात तर काय होईल, ते तुम्हीच गुणून पाहा. शिवाय उष्णता आधी पृष्ठभागावर निर्माण होते आणि आत पसरायला वेळ घेते, हेही ध्यानात ठेवा.

आता पायाकडे वळू. या इंजिनाचे सर्वाधिक आघूर्ण सुमारे ३८५ न्यूटन मीटर. क्लच प्लेटच्या दोन बाजू, घर्षणांक ०.३ आणि घासणाऱ्या पट्ट्याची सरासरी त्रिज्या ११ सेंटिमीटर धरली, तर प्लेट न घसरता धरून ठेवायला सुमारे ५,८०० न्यूटन बल लागते. थोडी जादा तरतूद ठेवून ७,३०० म्हणा. हे जवळजवळ पाऊण टन वजन झाले! पाय मात्र १५० न्यूटनपेक्षा फार जोर लावू इच्छित नाही. म्हणजे पेडलची तरफ, द्रवदाबाचे सिलिंडर आणि क्लचच्या स्प्रिंगची बोटे मिळून बल जवळजवळ पन्नासपट वाढवले पाहिजे. कार्य तेवढेच राहणार असल्याने प्लेट दोन मिलिमीटर सुटायला पायाने दहा सेंटिमीटर प्रवास करावा लागतो. क्लचचे पेडल एवढे खोल का जाते, ते आता कळले. प्रत्यक्षात स्प्रिंगचा जोर सरकताना बदलतो आणि घर्षणही असते, तरी अंदाज याच आकड्यांच्या आसपास राहतो. पेडल ज्या पत्र्यावर बसवायचे तो या जोराने लवता कामा नये. लवला तर पाय खाली जातो आणि क्लच अर्धवटच सुटतो.

बाकी कामे कष्टाची आहेत, पण त्यांत नवे शास्त्र थोडे. गिअरबॉक्सच्या दांड्याचे पुढचे टोक क्रँकशाफ्टच्या खोबणीतील बुशात टेकते. त्यामुळे दोन्हींचे अक्ष ०.१२ मिलिमीटरच्या आत जुळले पाहिजेत, म्हणजे वहीच्या एका पानाच्या जाडीहून थोडेसे अधिक. प्रचक्राच्या कडेचे दाते स्टार्टरशी जुळावे लागतात. मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट लांबीला बदलावा लागतो. गिअरबॉक्सखालचा आडवा आधारही नवा करावा लागतो आणि तो भक्कम हवा, कारण पहिल्या गिअरमध्ये ३८५ चे ११०० न्यूटन मीटर करताना उरलेल्या ७०० चा उलटा रेटा गिअरबॉक्सची पेटी, इंजिन आणि त्यांचे आधारच सोसत असतात. येथेही सांगाड्याला धरणारा तिसरा आहेच.

दोन गोष्टींकडे मात्र हौशी माणसाचे हटकून दुर्लक्ष होते. स्वयंचलित गाडी न्यूट्रल किंवा पार्कमध्ये असल्याखेरीज स्टार्टर फिरत नाही. तो स्विच जुन्या गिअरबॉक्सबरोबर जातो. मग तारा नुसत्या जोडून टाकल्या, तर गिअरमध्ये उभी असलेली गाडी किल्ली फिरवताच पुढे झेप घेईल. समोर कोण उभे असेल ते सांगता येत नाही. म्हणून क्लचच्या पेडलखाली स्विच बसवलाच पाहिजे. तसेच पार्कमध्ये चाके अडकवणारा खटकाही आता नसतो, तेव्हा हँडब्रेक नीट तपासून घ्यायला हवा. आपल्याकडे तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधने घातली आहेत. वडिलांच्या गाडीकडे आशेने पाहू नये!

एवढे करून गाडी अधिक वेगवान होते का? आजच्या स्वयंचलित गाड्यांशी तुलना केली तर नाही. २०२० च्या मॉडेलपासून कॉर्व्हेटलाच क्लचचे पेडल मिळत नाही. तिच्यातील दोन क्लचची स्वयंचलित यंत्रणा कोणत्याही माणसाच्या हातापेक्षा लवकर गिअर बदलते. माझ्या मते या खटाटोपाचे खरे मोल वेगळे आहे. गिअर केव्हा बदलायचा हे आता चालक ठरवतो आणि क्लच किती घासायचा, तेही.

जाता जाता एक उदाहरण सोडवण्यासाठी. १९६० च्या दशकात एम-२१ बरोबर मागच्या आसाचे ३.७० हे गुणोत्तर मिळत असे. ते घेतले तर गाडी १२०० फेऱ्यांवर उचलताना क्लचमध्ये किती उष्णता निर्माण होईल? चौथ्या गिअरचे गुणोत्तर १ आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतील? मूळ स्वयंचलित गाडीचा चौथा गिअर ०.७० आणि आस २.७२ धरून तोच वेग पुन्हा काढा. ट्रेमेकचा पाचवा गिअर ०.६८ चा मिळतो, त्याच्यासाठीही काढा. तिन्ही उत्तरे शेजारी मांडून पाहा, म्हणजे जुन्या शौकिनांना पेट्रोलची टाकी वरचेवर का भरावी लागत असे, ते कळेल.