बोलीतून प्रमाणभाषेकडे : अध्ययनाचे नियम आणि मराठीचा प्राथमिक वर्ग

१. प्रास्ताविक

मराठीच्या अध्यापनाचा विचार महाराष्ट्रात बहुधा दोन स्वतंत्र दालनांत होत आला आहे. अध्यापक विद्यालयांत अध्ययनाचे नियम, पाठ टाचण आणि वर्गव्यवस्थापन हे विषय शिकविले जातात. विद्यापीठांच्या मराठी विभागांत ध्वनिव्यवस्था, बोली आणि प्रमाणभाषा यांचा अभ्यास होतो. पहिल्या दालनातील शिक्षकाला मूल कसे शिकते हे सांगितले जाते, पण ते मूल कोणती मराठी घेऊन वर्गात येते हे सहसा सांगितले जात नाही. दुसऱ्या दालनातील अभ्यासकाला ती मराठी ठाऊक असते, पण पहिलीच्या वर्गात तिचे काय होते याकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. या दुराव्याची किंमत मूल मोजते. घरी अखंड बोलणारे मूल मराठीच्याच तासाला मुके होते आणि त्या मौनाची नोंद 'अप्रगत' अशी केली जाते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांडलेले सज्जता, सराव आणि परिणाम हे अध्ययनाचे तीन नियम शिक्षकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी परीक्षेसाठी पाठ केले आहेत. मराठीच्या प्राथमिक वर्गात या नियमांचा नेमका अर्थ काय होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. सज्जता : कोणाची?

सज्जतेचा नियम सांगतो की, शिकण्याची तयारी असेल तेव्हाच शिकणे सुखावह होते. व्यवहारात मात्र या नियमाचा उपयोग बरेचदा मुलाला दोष देण्यासाठी होतो. 'मुलाची तयारीच नाही' असे म्हटले की शाळेचे उत्तरदायित्व संपते.

ताराबाई मोडक (१८९२-१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०-१९९२) यांच्या कार्याने हा प्रश्न उलटा करून दाखविला. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगर येथे माँटेसरी पद्धतीचा प्रदीर्घ अनुभव घेतल्यानंतर ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे १९५० च्या दशकात हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. बोर्डी आणि कोसबाड ही दोन्ही गावे डहाणू तालुक्यातील असून हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. तेथील मुले शाळेत येत नव्हती, कारण ती गुरे राखत होती. तेव्हा शाळाच कुरणात गेली, हीच 'कुरणशाळा'. लहान मुले बालवाडीपर्यंत पोहोचत नव्हती, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात गेली, तीच 'अंगणवाडी'. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून खडे, बिया, पाने, शिंपले हीच साधने झाली.

या प्रयोगांचे वर्णन सामान्यतः सेवाकार्य म्हणून केले जाते. अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व वेगळे आहे. मुलाच्या सज्जतेआधी शाळेची सज्जता तपासली पाहिजे, हे तत्त्व त्यांतून सिद्ध होते. स्थळ, वेळ आणि साधने यांबाबत जे खरे, तेच भाषेबाबतही खरे आहे. मुलाची बोली समजून घेण्याची तयारी शिक्षकाजवळ नसेल, तर त्या वर्गात असज्ज कोण आहे याचा पुन्हा विचार करावा लागेल.

३. सराव : कशाचा?

सरावाच्या नियमाचा आधार घेऊन वर्णमाला घोकणे, बाराखडी गिरविणे आणि उतारे उतरवून काढणे यांचे समर्थन केले जाते. परंतु थॉर्नडाइक यांनीच १९३० च्या सुमारास या नियमात दुरुस्ती केली होती. आपली कृती बरोबर की चूक हे शिकणाऱ्याला कळत नसेल, तर नुसत्या पुनरावृत्तीने सुधारणा होत नाही, असे त्यांना प्रयोगांती आढळले. नियम पाठ करविणाऱ्या अनेक पुस्तकांत ही दुरुस्ती मात्र ठळकपणे येत नाही.

मराठी लिपीच्या संदर्भात ही दुरुस्ती फार महत्त्वाची ठरते. वर्णमालेची मांडणी उच्चारस्थानांनुसार झालेली असून ती शास्त्रीय आहे. पण शास्त्राचा क्रम आणि शिकण्याचा क्रम एकच असतो असे नाही. 'क' ते 'ज्ञ' पूर्ण होईपर्यंत काना-मात्रा येणार नसेल, तर कित्येक महिने मुलाच्या हाती एकही अर्थपूर्ण वाक्य लागत नाही. याउलट क, म, ल, र ही चार अक्षरे आणि काना एवढेच प्रथम घेतले, तर काम, माल, लाल, कमल, काका, मामा, राम असे कितीतरी शब्द पहिल्याच आठवड्यांत वाचता येतात. वाचलेला शब्द ओळखीचा निघाला की आपले वाचन बरोबर आहे हे मुलाला आपोआप कळते. कोणी सांगावे लागत नाही. अक्षरांचे लहान गट करून, स्वरचिन्हांसह वाचन शिकविण्याची ही दिशा फलटण येथे मॅक्सीन बर्नसन यांनी उभारलेल्या प्रगत शिक्षण संस्थेच्या कामात ठळकपणे दिसते. बर्नसन मूळच्या भाषावैज्ञानिक. फलटणच्या बोलण्यातील भाषिक भेदांवर त्यांनी १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रबंध सादर केला होता. दोन दालनांमधील भिंत ओलांडल्याचे हे विरळ उदाहरण होय.

जेथे लिपी खरोखर कठीण आहे, तेथे सराव अधिक हवा. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण लिहिताना आधी काढावी लागते. 'र' हा वर्ण प्रकाश, अर्क, राष्ट्र आणि सुऱ्या या शब्दांत चार रूपे घेतो. 'चार' आणि 'चारा' यांतील 'च'चे उच्चार भिन्न, पण अक्षर एकच. या जागा शिक्षकाला आधी ठाऊक असतील, तर सरावाचा वेळ सर्व अक्षरांवर सारखा वाटला जाणार नाही.

४. परिणाम : चुकीची दुरुस्ती आणि वर्गाचे वातावरण

ज्या कृतीचा परिणाम सुखद, ती दृढ होते, असे तिसरा नियम सांगतो. मराठीच्या वर्गात या नियमाची सर्वांत कठोर परीक्षा होते ती चूक सुधारण्याच्या क्षणी.

पुस्तकात 'पाणी' असे छापले आहे आणि एक मूल 'पानी' असे वाचते. दुसरे मूल त्याच जागी 'पान' वाचते. तिसरे अचूक 'पाणी' वाचते, पण वहीत 'पाणि' लिहिते. पुष्कळ वर्गांत या तिघांना एकच शेरा मिळतो. वस्तुतः या तीन निरनिराळ्या घटना आहेत. पहिल्या मुलाने अक्षरे ओळखली, अर्थ जाणला आणि शब्द आपल्या बोलीच्या ध्वनिव्यवस्थेनुसार उच्चारला. हे यशस्वी वाचन आहे. दुसऱ्याचे वाचन फसले आहे. त्याला अक्षराकडे परत न्यावे लागेल. तिसऱ्याला लेखनाचा एक संकेत अवगत नाही. शब्दाच्या अखेरचा इकार दीर्घ लिहावा, हा नियम १९६२ मध्ये मान्य झालेल्या शुद्धलेखनविषयक नियमांतून आलेला आहे. तो उदाहरणांतून शिकविता येतो.

बोलीभेद यादृच्छिक नसतात, हे भाषाभ्यासकाला सांगावयास नको. प्रमाण मराठीतील 'डोळा' आगरी-कोळी बोलींत 'डोला' होतो, तर वऱ्हाडीत आणि खानदेशात 'डोया' ऐकू येतो. जो 'डोया' म्हणतो, तो 'काया'ही म्हणतो. म्हणजे ही चूक नसून नियम आहे, आणि नियम असल्यामुळेच तो शिक्षकाच्या उपयोगाचा आहे. 'घरी डोया, पुस्तकात डोळा' अशी एक जोडी फळ्यावर आली की पुढच्या जोड्या मुलेच सांगू शकतात. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाण्याचे सूत्र ते हेच.

वर्गव्यवस्थापनाचा विचार शिस्त, बैठकव्यवस्था आणि वेळापत्रक यांपुरता मर्यादित राहिला, तर ही बाजू दुर्लक्षित राहते. कोण बोलतो, कोणाला थांबविले जाते आणि उत्तरासाठी किती अवधी मिळतो, हेही व्यवस्थापनच आहे. अमेरिकेतील विज्ञानवर्गांच्या अभ्यासात मेरी बड रो यांना असे आढळले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढविला असता उत्तरे दीर्घ होतात आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. १९७० च्या दशकातील हा निष्कर्ष बोलीभाषक मुलाला अधिकच लागू पडावा. त्याला उत्तर शोधावयाचे असते आणि त्याच वेळी ते दुसऱ्या रूपात बसवावयाचेही असते. मधेच 'नीट बोल' अशी सूचना आली, तर परिणामाच्या नियमानुसार दृढ होते ते मौनच.

५. पाठाच्या आखणीसंबंधी

हर्बार्टच्या परंपरेतून आलेली पंचपदी आजही पाठ टाचणांच्या मुळाशी आढळते. ती टाकून देण्याचे कारण नाही. तिच्यातील पायऱ्यांना भाषिक आशय द्यावयास हवा. प्रस्तावनेच्या पायरीवर मुलांनी विषयावर स्वतःच्या बोलीत बोलावे आणि शिक्षकाने मध्ये थांबवू नये. विषयप्रतिपादनात पाठ्यपुस्तकातील प्रमाणरूप यावे. तुलनेच्या पायरीवर दोन्ही रूपे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली जावीत. सामान्यीकरण मुलांनी करावे : वीट-विटा, फूल-फुले, मूल-मुले या जोड्या पाहून ऱ्हस्व-दीर्घाचा नियम त्यांना शोधता येतो. उपयोजनात औपचारिक पत्रासाठी प्रमाणरूप आणि संवादलेखनासाठी बोलीरूप, असे दोन्ही लेखनप्रकार द्यावेत.

यावर एक आक्षेप संभवतो. बोलीला वर्गात स्थान दिल्याने मुले प्रमाणभाषेला मुकतील आणि परीक्षा, नोकरी, सार्वजनिक व्यवहार यांत मागे पडतील. हा आक्षेप गंभीर आहे. प्रमाणभाषा न शिकविणे हा वंचित मुलांवरील दुसरा अन्याय ठरेल. परंतु वरील आखणीत प्रमाणभाषा वगळलेली नाही. तिच्यापर्यंत जाण्याचा मार्ग तेवढा बदललेला आहे. खरा भेद प्रमाणभाषेला बोलीच्या जागी बसविणे आणि बोलीच्या शेजारी उभे करणे, यांत आहे.

६. समारोप

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे, आणि कलम २९ ने शक्य तेथवर मातृभाषेतून अध्यापन व्हावे असे म्हटले आहे. 'मातृभाषा मराठी' एवढ्या नोंदीने या दुसऱ्या तरतुदीचे समाधान होत नाही. त्या मराठीचे रूप कोणते, हा प्रश्न उरतोच.

मराठी साहित्याने या प्रश्नाचे उत्तर आधीच दिलेले आहे. बहिणाबाई चौधरी यांची खानदेशातील बोलीतील कविता १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि पुढे पाठ्यपुस्तकांतून घरोघरी पोहोचली. ज्या वर्गात ती कविता आदराने म्हटली जाते, त्याच वर्गात एखाद्या मुलाच्या वहीतील तशाच शब्दाखाली तांबडी रेघ ओढली जाते. मराठी विभागांनी बोलींविषयी जे ज्ञान साठविले आहे ते अध्यापक विद्यालयांपर्यंत गेले, तर त्या रेघेऐवजी समासात पुस्तकी रूप लिहून देण्याचे शिक्षकाला सुचेल. आणि एक मूल पुढच्या तासालाही बोलत राहील.