शॉकअप गेले, तरी गाडी खाली का बसत नाही?

प्रश्न : आमच्याकडे २००८ची अल्टो आहे. कामासाठी रोज हिंगणघाट, अधूनमधून नागपूर आणि हंगामात समुद्रपूर तालुक्यातले शेतरस्ते, असा तिचा वापर. २०२३ साली नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. आता महामार्गावर गाडी डुलते आणि गावच्या रस्त्यावर खडखडते. मिस्त्री म्हणतात, चारही शॉकअप गेले. पण गाडी तर कुठेच खाली बसलेली दिसत नाही, मग गेलं ते नेमकं काय? दुकानात तीन भाव सांगितले : कंपनीच्या डब्यातला, दुसऱ्या नावाचा आणि जुनाच उघडून तेल भरलेला. एवढ्या जुन्या गाडीला यातला कोणता लावावा?
– एक वाचक, जाम, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : तुमच्या पहिल्या शंकेत दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, स्प्रिंग पेलते. स्प्रिंग दबली की उसळणार, उसळली की पुन्हा दबणार. ही वरखाल आवरणं एवढंच शॉकअपचं काम. त्याच्या नळीत तेल असतं, तेलात दट्ट्या आणि दट्ट्यात बारीक छिद्रं व व्हॉल्व्ह. दट्ट्या हलला की तेलाला त्या अरुंद वाटेने जावं लागतं आणि त्या ओढाताणीत उसळीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपची नळी तापलेली असते ती यामुळेच. म्हणूनच आतलं सगळं तेल गळून गेलं तरी उभ्या गाडीची उंची जवळपास होती तेवढीच राहते. गाडी एका बाजूला कललेली दिसली, तर आधी स्प्रिंग तपासायची.

आता डुलण्याबद्दल. तुमच्या भागातली काळी कापसाची जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता खड्डे नसतानाही हळूहळू लाटांसारखा होतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला साधारण २२ मीटर कापते. रस्त्यातल्या लाटा तेवढ्याच अंतरावर असतील, तर गाडीला सेकंदाला एक धक्का बसतो. छोट्या मोटारीची बॉडी स्प्रिंगवर स्वतःच्या लयीत डोलते, तीही सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा. झोक्याला त्याच्याच लयीत हलकेच ढकलत राहिलं की तो उंच उंच जातो, तसंच इथे होतं. चांगला शॉकअप ही वाढ एका झोक्यातच मारतो, गेलेला शॉकअप ती वाढू देतो. त्यामुळे ठराविक वेगालाच गाडी डुलते आणि वेग कमी-जास्त केला की थोडी सावरते. तुमच्या गाडीचं असं होत असेल, तर मिस्त्रींचं निदान किमान अर्धं तरी बरोबर आहे.

हा प्रश्न नुसत्या आरामाचा नाही. रस्त्यावरून उड्या मारणारं चाक जेवढा वेळ हवेत किंवा अर्धवट टेकलेलं, तेवढा वेळ ब्रेक निकामी. जामला नागपूर–हैदराबाद महामार्ग, म्हणजे जुना ७ आणि आताचा ४४, यालाच वरोरा-चंद्रपूरचा रस्ता येऊन मिळतो. जड ट्रकांच्या अशा वर्दळीत अचानक थांबावं लागणं हे रोजचंच.

काळी-पिवळीचे चालक कधी सांगतात, की शॉकअप नसले तरी गाडी चालते. त्यांच्या गाडीपुरतं त्यात थोडं तथ्य आहे. टाटा सुमो, बोलेरो, ओम्नी यांना मागे पाटे असतात. एकावर एक ठेवलेले पाटे दबताना परस्परांवर घासतात आणि त्या घर्षणातच थोडी उसळ जिरते. अल्टोला पुढे-मागे गुंडाळीची स्प्रिंग आहे. तिच्यात घासायला काही नसल्याने उसळ आवरण्याचा सगळा भार शॉकअपवर येतो. म्हणून त्यांचा सल्ला तुमच्या गाडीला लागू नाही.

आता खडखडीकडे वळू. डुलणं आणि खडखडणं हे दोन वेगळे आजार आहेत आणि पैसा वाया जातो तो त्यांना एकच समजल्याने. शॉकअपमुळे गाडी डुलते, पण छोट्या दगडांवरून जाताना खडखड करतात ती बहुधा रबरं आणि सांधे. वर्धा-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा पंधरा-सोळा उन्हाळ्यांत रबरी बुश सुकून चिरतात, मग लोखंड लोखंडावर आपटू लागतं. चार नवे शॉकअप लावूनही आवाज तसाच राहिला, ही तक्रार गॅरेजमध्ये नेहमीची आहे.

तेव्हा खरेदीआधी गाडी तपासून घ्या. सुरुवात फुकटच्या कामाने करा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिली असेल तेवढीच हवा टायरमध्ये भरा, कारण जास्त हवेनेही गाडी आदळते. मग बॉनेटचा एक कोपरा जोर लावून दाबा आणि सोडा. गाडी वर येऊन एकदाच थोडी खाली जाऊन थांबली पाहिजे. दोन-तीनदा हलत राहिली, तर त्या कोपऱ्याचा शॉकअप संपला. ही चाचणी पूर्ण गेलेलाच शॉकअप पकडते, म्हणून नळीही पाहा. वरच्या भागावर तेलाचा ओलसर थर आणि धूळ चालते, ओघळ चालत नाही. टायरवरून तळहात फिरवा. ठिकठिकाणी खोलगट लागलं तर दोष शॉकअपचा, आणि एकच कड घासलेली असेल तर अलाइनमेंट किंवा बुशचा. सपाट जागी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजा. डाव्या-उजव्या बाजूंत बोटभर फरक पडला, तर स्प्रिंग बसली किंवा तुटली आहे.

आवाजही पुष्कळ सांगतो. छोट्या खडबडीत सतत खडखड, तर स्टॅबिलायझर बारची रबरं किंवा त्याचे सांधे. ब्रेक दाबताना किंवा सोडताना एकच ‘ठक’, तर लोअर आर्मचे बुश. उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवताना कटकट आणि स्प्रिंग उडी मारल्यासारखी, तर स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंगसकट बसवलेल्या पुढच्या शॉकअपच्या, वरचं माउंटिंग व बेअरिंग. मोठ्या खड्ड्यात ‘धप’, तर बंप स्टॉपर झिजला आहे. गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली आणि आडवं हलवलं आणि ते हाताला ढिलं लागलं, तर बॉल जॉइंट, स्टिअरिंगचे सांधे किंवा चाकाचं बेअरिंग पाहावं लागेल. बॉल जॉइंट निघाला असेल, तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून तो आधी बदला. तो सुटला की चाक आडवं पडतं.

या यादीत एक दिलासाही आहे. बुश, बारची रबरं आणि बंप स्टॉपर यांचा हिशेब शेकड्यांत होतो, स्ट्रटचा हजारांत. खडखड कमी खर्चात जाण्याची शक्यता चांगली आहे.

आता तीन भावांचं. तिसऱ्यापासून सुरू करू, कारण तो सर्वांत स्वस्त दिसतो. जुना शॉकअप उघडून तेल भरण्याची रीत मुळात चुकीची नव्हती. जुन्या ॲम्बॅसिडरला लिव्हरचे शॉकअप असत आणि त्यांत तेल भरायला बूचच दिलेलं होतं. तुमच्या अल्टोची नळी मात्र कारखान्यातच दाबून बंद केलेली आहे. ती कापून, तेल आणि सील घालून, पुन्हा वेल्डिंग करून मिळते. पण झिजलेले व्हॉल्व्ह जुनेच राहतात आणि दांड्याच्या क्रोमला खाच पडली असेल, तर ती नवं सीलही कापते. काही दिवस गाडी बरी चालते, मग पुन्हा ओघळ. लावायची मजुरी दोनदा जाते, म्हणजे हा भाव खरं तर स्वस्त नाहीच.

पहिल्या दोन्हींत फरक वाटतो तेवढा नसतो. मोटार कंपन्या शॉकअप सहसा स्वतः बनवत नाहीत, पुरवठादारांकडून घेतात. आपल्याकडचं जुनं नाव गॅब्रिएल. ही कंपनी १९६१ साली मुंबईत सुरू झाली, मुलुंडला तिचा कारखाना होता आणि आज चाकण व नाशिकला तिचे कारखाने आहेत. मोनरोसारखी नावंही बाजारात सहज मिळतात. मोटार कारखान्यांना माल देणारी कंपनी स्वतःच्या डब्यात तोच भाग विकते, तेव्हा तो घ्यायला हरकत नाही. पेटीवर तुमचं मॉडेल आणि साल आहे ना, एवढं तपासा. तुमची गाडी जुन्या अल्टोच्या घराण्यातली, २०१२ साली आलेली अल्टो ८०० वेगळी. पक्कं बिल घ्या. बिल द्यायला नकार देणाऱ्याकडून प्रसिद्ध नावाचा डबाही घेऊ नका, कारण नकली मालाला नेमकी त्याच नावांची गरज असते.

‘गॅसचा घ्या, तेलाचा नको’ असंही कोणी सांगेल. तेल दोन्हींत असतं. गॅसच्या शॉकअपमध्ये तेलावर नायट्रोजन दाबून भरलेला असतो, त्यामुळे सतत हादऱ्यांत तेलाला फेस येत नाही. फेसाळलेलं तेल छिद्रांतून फुकट निसटतं आणि शॉकअप तात्पुरता ढिला पडतो. शेतरस्त्यांवरून तासन्‌तास जाणाऱ्या गाडीला याचा उपयोग आहे. मूळ गाडीला होता तसाच घ्या, थोड्या जास्त किमतीत गॅसचा मिळाला तर उत्तमच.

कबाडीकडचं काय? त्याच मॉडेलची, न गंजलेली आणि न चिरलेली स्प्रिंग जोडीने मिळाली तर चालेल, पोलाद सहजासहजी म्हातारं होत नाही. रबर, बॉल जॉइंट आणि शॉकअप मात्र तिथून आणू नका. तुमच्या सगळ्या स्प्रिंगा मापात असतील, तर त्यांना हातच लावू नका. खरी बचत तिथे आहे.

शॉकअप मात्र जोडीनेच बदला : पुढचे दोन, नाही तर मागचे दोन. एक नवा आणि एक जुना असला, की ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढते. चारही एकदम झेपत नसतील, तर आधी पुढची जोडी. इंजिनचं वजन आणि ब्रेकचा जोर पुढेच असतो. पुढचा स्ट्रट स्प्रिंगसकट बाहेर येतो, तेव्हा माउंटिंग, बंप स्टॉपर आणि धुळीचं कव्हर त्याच वेळी नवं घाला, नाही तर त्यांच्यासाठी पुन्हा तेवढीच मजुरी पडते. मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे आहेत, त्यामुळे ते काम सोपं आणि नंतर करण्याजोगं आहे.

मिस्त्रींना दोन गोष्टी विनंती करून सांगा. स्प्रिंग दाबायला योग्य शिकंजा वापरा, दोरीने बांधून काम उरकू नका, कारण दबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. दुसरं म्हणजे, बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. जॅकवर आर्म लोंबकळत असताना आवळले, की गाडी खाली येताच रबर पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. शेवटी अलाइनमेंट करून घ्या.

दुकानात स्प्रिंगच्या वेढ्यांत घालायचे रबराचे ठोकळेही दाखवतील. गाडी वर उचलते हे खरं, पण स्प्रिंग कडक होते आणि तिला आवरण्याचं काम थकलेल्या शॉकअपवरच येतं. बियाण्याची पोती नेताना आतापुरती उंची मिळते, त्याची किंमत शॉकअप भरतो. वेगळ्या उंचीच्या स्प्रिंगा घालणं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या कक्षेत येतं. कंपनीने ठरवलेल्या रचनेविरुद्ध गाडीत फेरफार करता येत नाहीत.

राहिला हिशेब. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं. ते भरून तुम्ही गाडी २०२८ पर्यंत रस्त्यावर ठेवायचं ठरवलं आहे. म्हणजे तुम्हाला हवा आहे तोवर टिकणारा, विश्वासाचा आणि साधा पर्याय. कंपनीच्या डब्याचा जादा पैसा त्यासाठी देण्याची गरज नाही, आणि तेल भरलेल्या नळीवर वाचवलेला पैसाही खिशात राहणार नाही. आधी तपासणी करा, मग झिजलेली रबरं आणि सांधे बदला, मग ओळखीच्या ब्रँडची पुढची जोडी आणि अलाइनमेंट. मागची जोडी पुढच्या हंगामात बदलली तरी चालेल. मिस्त्रींना ‘चारही टाका’ म्हणण्याआधी ‘दाखवा, कुठे काय गेलं’ एवढंच विचारा. चांगला मिस्त्री लगेच गाडी जॅकवर घेईल. जो घेणार नाही, त्याच्याकडे कोणत्याही भावाचा शॉकअप बसवून घेऊ नका.