टोनी स्टोन : मुलांच्या संघात खेळलेली मुलगी



तिसरी-चौथीच्या वर्गात विचारून बघा, "मुलांचे खेळ कोणते आणि मुलींचे कोणते?" मुलं लगेच दोन याद्या सांगतात. या याद्या ती मोठ्यांकडूनच शिकतात. म्हणून वर्गात सांगण्यासाठी आज टोनी स्टोनची गोष्ट.

टोनीचं खरं नाव मार्सेनिया लाइल स्टोन. जन्म 1921 साली, अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात. पुढे हे कृष्णवर्णीय कुटुंब मिनेसोटातील सेंट पॉल शहरात राहायला गेलं. तिला बेसबॉलचं वेड, आणि आईवडिलांना त्याचीच काळजी. पण त्यांच्या चर्चच्या धर्मगुरूंनी तिला मुलांच्या संघात घेतलं. गॅबी स्ट्रीट या प्रशिक्षकांच्या शिबिरात फक्त मुलगे शिकत. ही पोरगी मात्र तिथे पुन्हा पुन्हा जात राहिली. शेवटी त्यांनी तिचा खेळ पाहिला आणि तिला बेसबॉलचे बूट दिले.

1943 मध्ये अमेरिकेत स्त्रियांची व्यावसायिक बेसबॉल लीग सुरू झाली, पण तिथे कृष्णवर्णीय मुलींना प्रवेश नव्हता. मग टोनी पुरुषांच्याच संघांतून खेळली. 1953 साली 'इंडियानापोलिस क्लाउन्स' या निग्रो लीगमधल्या संघाने तिला घेतलं. निग्रो लीग म्हणजे वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी वेगळी असलेली स्पर्धा. पुढे विक्रमवीर झालेला हँक आरोन आदल्याच वर्षी या संघात होता.

इथे मुलांना एक गोष्ट नीट समजावून सांगा. 1947 मध्ये जॅकी रॉबिन्सनला मोठ्या लीगमध्ये जागा मिळाली आणि चांगले कृष्णवर्णीय खेळाडू हळूहळू तिकडे जाऊ लागले. निग्रो लीगचे प्रेक्षक घटले. बाई खेळते म्हटल्यावर तिकिटं खपतील, हा मालकाचा हिशोब होता. तिने स्कर्ट घालून खेळावं असंही सुचवलं गेलं. तिने साफ नकार दिला. इतरांसारखाच गणवेश घालून ती सेकंड बेसवर उभी राहिली. तिथे धावत येणारे खेळाडू खिळ्यांच्या बुटांनी तिला मुद्दाम जखमी करत. त्या जखमांच्या खुणा ती अभिमानाने दाखवायची. काही मैदानांवर कपडे बदलायला तिला पंचांची खोली वापरावी लागे.

1954 मध्ये ती 'कॅन्सस सिटी मोनार्क्स'कडे गेली. तिथे बराच वेळ बाकावरच बसवून ठेवल्यामुळे त्या हंगामानंतर तिने व्यावसायिक खेळ सोडला. पुढे तिने रुग्णसेवेचं काम केलं. 1996 मध्ये तिचं निधन झालं. आज सेंट पॉलमध्ये तिच्या नावाचं मैदान आहे.

ही गोष्ट 'जिद्दीने सगळं मिळतं' असं सांगून संपवू नका. जिद्द असूनही तिला बाकावर बसवलं गेलं, हेही मुलांना कळू द्या.

चर्चेसाठी प्रश्न :
1. टोनीला कोणी मदत केली? कशी?
2. तिने स्कर्ट घालायला नकार का दिला असेल?
3. आपल्या मैदानावर कोण खेळतं आणि कोण नुसतं बघत बसतं?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं फळ्यावर लिहा आणि पुढच्या खेळाच्या तासाला बघत बसणाऱ्यांना आधी मैदानात उतरवा.