आबांची पाठदुखी

आबांची पाठ दुखू लागली. "ओझं उचललं, पाठीत उसण भरली," असे ते म्हणाले. पाठ चोळली, शेक दिला. अशी पाठ बहुधा काही आठवड्यांत बरी होते. आबांचे तसे झाले नाही. तीन महिने लोटले. रात्री झोप येईना. संध्याकाळी अंगात कसकस असे. सदरा सैल होऊ लागला.

सून म्हणाली, "मामंजी, आता दवाखान्यात चलाच."

डॉक्टरांनी मणक्याचा फोटो काढला. रक्त तपासायला सांगितले. आबा घाबरले. "रक्त काढल्यावर अंगात काय उरेल?"

नर्सबाई हसल्या. "मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असतं. आम्ही घेणार चमचाभर."

बाईंनी रक्त नळीत घेतले. नळीवर नावाची चिठ्ठी लावली. आबा साक्षरता वर्गाला जात. त्यांनी अक्षर अक्षर लावून चिठ्ठी वाचली.

"बाई, हे नाव माझं नव्हं!"

चिठ्ठी शेजारच्या माणसाची होती. बाईंनी ती लगेच बदलली. "बरं झालं वाचलंत, आबा. नाहीतर तुमचं दुखणं त्यांच्या नावावर गेलं असतं."

ते रक्त एका बारीक नळीत तासभर उभे ठेवले. रक्तातल्या तांबड्या पेशी हळूहळू खाली बसतात. अंगात रोगाची सूज असेल, तर त्या लवकर बसतात. आबांच्या लवकर बसल्या. पण रोग कोणता, हे यावरून कळत नाही. म्हणून मोठ्या रुग्णालयात जागा बधिर करून, सुईने मणक्याचा बारीकसा तुकडा घेतला. त्याआधी आबांनी संमतीचा कागद वाचला. अडले तिथे विचारले. मगच सही केली.

तुकड्यात क्षयाचे जंतू सापडले. हे जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी १८८२ साली शोधून काढले. क्षय फुप्फुसात होतो, तसा मणक्यातही होतो. उपचार झाले नाहीत, तर पाय लुळे पडू शकतात.

क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. आबांनी ते वर्षभर घेतले. मध्येच बरे वाटले, तरी सोडले नाही. आज आबा पुन्हा शेतावर जातात.

मंडळी, प्रत्येक पाठदुखी क्षयाची नसते. पण दुखणे लांबले, ताप येऊ लागला, वजन उतरले, तर घरी बसू नका. तपासणी करा. आणि नळीवरचे नाव स्वतः वाचा.

सांगा पाहू :
१. आबांनी चिठ्ठी वाचली नसती, तर काय झाले असते?
२. रक्त तपासल्यावर मणक्याचा तुकडा का घ्यावा लागला?