आवाज ऐका, दोष ओळखा

मुलांनो, तुम्ही आजारी पडलात की डॉक्टर एकदम औषध देत नाहीत. आधी ते विचारतात, "कुठे दुखते? कधीपासून दुखते? चालताना दुखते की बसल्यावरही?" मग छातीला नळी लावून ऐकतात. रोग ओळखण्याच्या या कामाला उर्दूत आपण तशखीस म्हणतो. मराठीत त्याला 'निदान' म्हणतात. या शब्दाचा दुसरा अर्थही लक्षात ठेवा. 'निदान पाणी तरी पी' या वाक्यात 'निदान' म्हणजे 'कमीत कमी'.

मोटारगाडीचेही निदान करावे लागते. गाडीला बोलता येत नाही, पण ती आवाज करते, थरथरते. गिअरबॉक्स खाली उतरवून खोलणे हे कष्टाचे आणि खर्चाचे काम आहे. टॅक्सी जितके दिवस गॅरेजमध्ये उभी, तितके दिवस टॅक्सीवाल्याची कमाई बंद. दोष क्लचमध्ये असताना गिअरबॉक्स खोलला, तर पैसे जातात आणि आवाज मात्र तसाच राहतो. म्हणून चांगला मिस्त्री पाना हातात घेण्यापूर्वी नीट ऐकतो.

आपण प्रीमियर पद्मिनी या गाडीचे उदाहरण घेऊ. मुंबईत ही गाडी अनेक वर्षे काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती टॅक्सीच्या कामातून बाद झाली. तिची रचना समजायला सोपी आहे. पुढे इंजिन, त्याच्या मागे क्लच, त्यानंतर गिअरबॉक्स. तेथून एक लांब प्रोपेलर शाफ्ट मागच्या चाकांकडे जातो.

गिअरबॉक्समध्ये मुख्यतः तीन शाफ्ट असतात. पहिला शाफ्ट क्लचकडून गती आणतो. खालचा शाफ्ट ती गती पुढे देतो. तिसरा शाफ्ट ती बाहेर, चाकांकडे नेतो. या शाफ्टवर दातेरी चाके असतात. शाफ्ट सहज फिरावेत म्हणून त्यांना बेअरिंगचा आधार दिलेला असतो.

आता पहिली परीक्षा. गाडी सपाट जागी उभी आहे. हँडब्रेक लावलेला आहे. गिअर न्यूट्रलमध्ये आहे आणि इंजिन चालू आहे. क्लचवर पाय नसेल, तर पहिला आणि खालचा असे दोन शाफ्ट फिरत असतात. तिसरा थांबलेला असतो. क्लच दाबला की तेही दोन्ही थांबतात. एवढे समजले, तर पुढचे सोपे आहे. क्लच दाबताच घरघर थांबली, तर या दोन शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. याउलट, क्लच दाबल्यावरच कर्कश आवाज सुरू झाला, तर बहुधा क्लचचे रिलीज बेअरिंग झिजलेले असते. दाबा किंवा सोडा, आवाजात काहीच फरक पडत नसेल, तर दोष इंजिनाकडे शोधावा.

दुसरी परीक्षा रस्त्यावर होते. आवाज एकाच गिअरमध्ये येतो का? मग त्या गिअरचे दात तपासावेत. पहिल्या तीन गिअरमध्ये आवाज येतो आणि चौथ्यात कमी होतो का? पद्मिनीच्या चौथ्या गिअरमध्ये पहिला आणि तिसरा शाफ्ट सरळ जोडले जातात. खालचा शाफ्ट फिरतो, पण त्याच्यावर भार नसतो. तेव्हा संशय खालच्या शाफ्टवर जातो.

प्रत्येक आवाज मात्र दोषाचा नसतो. गाडी मागे घेताना पुष्कळदा 'कूंऽऽ' असा आवाज येतो. पुढे जाण्याच्या गिअरचे दात तिरके असतात. ते हळूहळू एकमेकांत बसतात, म्हणून शांत चालतात. रिव्हर्स गिअरचे दात बहुतेक गाड्यांत सरळ असतात. ते एकदम भिडतात आणि आवाज करतात. हा गाडीचा स्वभाव आहे, आजार नव्हे.

गिअर बदलताना 'खर्र' असे वाजले तर? सगळ्याच गिअरना वाजत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नसावा. एकाच गिअरला वाजत असेल, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली असावी. ही रिंग दोन भागांचा वेग सारखा करून मगच त्यांना जोडू देते. अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीने १९२८ साली अशी व्यवस्था आपल्या गाड्यांत आणली.

थरथरीचेही असेच आहे. समजा, ताशी ५० किलोमीटर वेगाला गाडी थरथरते. तोच वेग ठेवून चौथ्याऐवजी तिसरा गिअर टाकून पाहावा. इंजिन आता जास्त वेगाने फिरते, पण चाके तितक्याच वेगाने फिरतात. थरथर तशीच राहिली, तर दोष चाकांत, टायरांत किंवा प्रोपेलर शाफ्टमध्ये असेल. थरथर बदलली, तर इंजिन, क्लच आणि त्यांना आधार देणारे रबर तपासावेत.

सगळ्यात आधी करायचे काम मात्र सर्वांत स्वस्त आहे. गिअरबॉक्सचे ऑइल पाहावे. ऑइल कमी झाले की दात आणि बेअरिंग कोरडे घासतात. काही गाड्यांत ऑइल काढण्याच्या बुचाला लोहचुंबक असते. त्याला सुरम्यासारखी बारीक पूड लागलेली असेल, तर काळजी नको. धातूचे तुकडे दिसले, तर गाडी चालवू नये.

फ्रान्समधील डॉक्टर लेनेक यांनी १८१६ साली कागदाची गुंडाळी छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले. त्यातूनच डॉक्टरांची नळी तयार झाली. जुने मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक गिअरबॉक्सला टेकवतात आणि मुठीला कान लावतात. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पोलादात तो सुमारे ५,००० मीटर जातो. पोलादातून बेअरिंगची घरघर स्पष्ट कानी येते. पण हे काम जाणत्या माणसाचे आहे. चालू इंजिनाजवळ सैल कपडे नसावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.

मुलांनो, या सर्व परीक्षांमध्ये एक नियम समान आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडतो ते पाहायचे. क्लच, गिअर आणि वेग एकदम बदलले, तर आवाज कशामुळे थांबला ते कळणार नाही. गणित चुकले, सायकल कुरकुरली, दिवा लागला नाही, तरी हाच नियम वापरून पाहा. आधी निदान, मग दुरुस्ती!

शब्दार्थ
निदान – रोग किंवा दोष ओळखणे, कमीत कमी
संशय – शंका, शक
कर्कश – कानाला टोचणारा (आवाज)
झिजणे – घासून कमी होणे
लोहचुंबक – लोखंड ओढून घेणारी वस्तू

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) क्लच दाबल्यावर कोणते शाफ्ट थांबतात?
(आ) रिव्हर्स गिअरचा आवाज का येतो?
२. कारणे द्या : चांगला मिस्त्री पाना हातात घेण्यापूर्वी नीट ऐकतो.
३. 'निदान' हा शब्द दोन्ही अर्थांनी वाक्यांत वापरा.
४. घरघर, थरथर, कुरकुर यांसारखे आणखी पाच शब्द लिहा.