तमाशा कोण टिकवतो?

गुरुजींनी जपानच्या काबुकी नावाच्या नाटकाची माहिती सांगितली, तेव्हा मी म्हटले, "हा तर आपला तमाशाच!" वर्गात हशा झाला. पण दोघांची हकिकत खरेच ताडून पाहण्यासारखी आहे.

काबुकी सुमारे १६०३ साली क्योटो शहरात ओकुनी नावाच्या बाईने सुरू केले. पुढे १६२९ साली सरकारने बायकांना रंगमंचावर बंदी केली. आजही तिथे बायकांची सोंगे पुरुषच घेतात. आपल्याकडे नेमके उलटे घडले. पूर्वी तमाशात नाच्या पोऱ्या लुगडे नेसून नाचायचा. मग पवळाबाई फडात उभी राहिली. ती कुठली म्हणाल? आपल्याच जिल्ह्यातली, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची! जन्म १८७० सालचा. पठ्ठे बापूरावांच्या लावण्या तिने गाजवल्या. गौळणीतली मावशी मात्र अजून पुरुषच असतो, आणि टाळ्या त्यालाच जास्त!

संगमनेर तर शाहिरांचेच गाव. पेशवाईतला शाहीर अनंत फंदी तिथला. आपल्या चौंडीच्या अहिल्याबाई होळकरांनी उपदेश केला म्हणून तो पुढे कीर्तनाकडे वळला, असे सांगतात. अलीकडच्या काळात कांताबाई सातारकरांनी संगमनेरात राहून स्वतःचा फड चालवला. त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर हे नावाजलेले सोंगाड्या.

आता शिकण्याचे पाहू. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी, मग वग असा तमाशाचा क्रम. यासाठी शाळेसारखे पुस्तक नाही. फडातली पोरे ढोलकीवाल्याजवळ बसून बोल उचलतात. हलगी विस्तवावर शेकून कधी ताणायची, तुणतुण्याची तार कितपत पिळायची, हे कानानेच कळते. म्हातारा कलावंत गेला की त्याच्याबरोबर एखादा वगही जातो.

जपानने हे ओळखून १९५० साली कायदा केला. तिथे निवडक थोर कलावंतांना लोक 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणतात. त्यांनी कला जोपासावी आणि पुढच्यांना शिकवावी म्हणून सरकार दर वर्षी २० लाख येन देते. १९७० पासून राष्ट्रीय नाट्यगृहातर्फे काबुकीचे शिक्षणही मिळते.

आपले सरकारही अनुदान देते, शिबिरे भरवते. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. पण फडाची चूल पेटते ती गावोगावच्या यात्रेच्या सुपारीवर, म्हणजे तुमच्या आमच्या वर्गणीवर. हंगामाआधी नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात, तिथे जाऊन पंच सुपारी देतात. २०२० आणि २०२१ साली कोरोनामुळे यात्राच भरल्या नाहीत, तेव्हा फडांचे फार हाल झाले. कांताबाईही मे २०२१ मध्ये कोरोनानेच गेल्या.

आता यात्रा भरतात, पण लोक सिनेमाच्या गाण्यांचीच फर्माईश करतात. वग सुरू होईपर्यंत अर्धी माणसे घोंगडी झटकून घरी! मला विचाराल तर खरी गंमत वगातच असते.

यंदा पंच वर्गणीला आले तेव्हा आमचे आजोबा म्हणाले, "पैसे देतो, पण वग पुरा झाला पाहिजे."

पंच म्हणाले, "आबा, तुम्ही शेवटपर्यंत बसणार असाल तर सांगतो फडवाल्याला."

आजोबांनी मला घोंगडी उन्हात टाकायला सांगितली.